हक्कसोडपत्राच्या नायिका

सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी वकिली करताना माझे बरेच दिवस दुय्यम निबंधकांच्या कचेरीबाहेरच्या बाकड्यावर जातात. त्या बाकड्यावर सगळ्यात जास्त कोण बसलेलं असतं? बहिणी. कुणी पुण्याहून, कुणी कऱ्हाडहून, कुणी थेट पनवेलहून पहाटेच्या एसटीने आलेली. डोक्यावर पदर, पिशवीत आधारकार्डाची झेरॉक्स. भाऊ लगबगीने चहा सांगतो. वहिनीच्या तोंडी त्या दिवशी दर वाक्याला 'ताई' असते. नंबर लागतो, फोटो निघतो, अंगठा उठतो आणि बापाच्या जमिनीवरचा हक्क सुटतो. दस्ताचं नावच हक्कसोडपत्र. मुद्रांक पाचशे रुपयांचा. दुपारी भाऊ हॉटेलात जेवू घालतो, संध्याकाळी साडीचोळी आणि परतीची गाडी.

सहीआधी मी प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारते, "कशावर सही करताय, माहिती आहे ना?" बहुतेक जणी हसतात. "आवं वकीलबाई, मला काय करायचीय जमीन? भावाची माया हाय, तेवढी बास." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एके रात्री आईसोबत मालिका बघताना ते पुन्हा कानावर पडलं तेव्हा मला कचेरीत बसल्यासारखंच वाटलं. पडद्यावरची सून पुढ्यातले कागद बाजूला सारत म्हणत होती की मला इस्टेट नको, मला फक्त या घराचं प्रेम हवं. मागे बासरी. आईने पदराने डोळे टिपले. मी मात्र खुर्चीत ताठ झाले.

टीव्हीवरची बाई किती बदलली याचा हिशोब आपण साडी, टिकली, नोकरी, घटस्फोट यांवर मांडतो. मला धंद्याच्या सवयीने दुसराच प्रश्न सुचतो. तिच्या नावावर काय आहे? आणि जे तिचं आहे ते ती मागते का? या मापाने पाहिलं तर आपल्या मालिकांनी बाईला डिग्री दिली, खुर्ची दिली, हल्ली दुसरं लग्नही लावून दिलं. हिस्सा मागायची मुभा तेवढी दिली नाही. मागणारी बाई मालिकेत असते, नाही असं नाही. पण ती खलनायिका असते.

हे पहिल्यापासून असंच होतं का? तसं म्हणवत नाही. १९८५ साली 'रजनी' लागायची तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आमच्या आळीत एकच टीव्ही, आणि रविवारी त्या घराच्या ओसरीपर्यंत माणसं. प्रिया तेंडुलकरांची रजनी साधी गृहिणी होती, पण ती सतत घराबाहेर असायची. गॅसवाल्याशी भांडायची, खिडकीपलीकडच्या कारकुनाला जाब विचारायची. टॅक्सीवाल्यांवरचा एक भाग इतका झोंबला की मुंबईतले टॅक्सीवाले मोर्चा घेऊन दूरदर्शनवर गेले. बाई पावती मागते, तक्रारवही मागते, आणि तरीही ती चांगली बाई असते, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

मग १९८९ साली 'उडान' आली. कविता चौधरींनी ती आपल्या बहिणीच्या, आयपीएस अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या आयुष्यावरून लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणीची भूमिकाही स्वतःच केली. (धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीत पैशापैशाचा हिशोब करणाऱ्या ललिताजीही त्याच.) सगळ्यांना आठवते ती कल्याणीची वर्दी. मला त्या वर्दीमागची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मिळकतीच्या वादात वडिलांना पोलिसांकडे दाद मिळाली नाही, त्या चटक्यातून कांचन चौधरी पोलीस खात्याकडे वळल्या. दूरदर्शनची सगळ्यात ताठ कण्याची नायिका जन्माला आली ती जमीनजुमल्याच्या भांडणातून. पुढे २००४ साली कांचन चौधरी उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशात त्या पदावर पोचलेल्या पहिल्या महिला.

त्या काळाचं गुणगान मात्र करायचं नाही. १९८४ साली 'हम लोग' सुरू झाली ती मेक्सिकोतल्या प्रयोगांवरून धडा घेऊन, कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा हे विषय गोष्टीतून सांगायचे म्हणून. मनोहर श्याम जोशींनी त्यात भागवंती लिहिली. मुकाट सोसणारी, नवऱ्याची आणि सासूची बोलणी खाणारी. लिहिण्यामागचा हेतू असा की बायकांनी तिच्याकडे पाहून म्हणावं, असं जगायला नको. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तर कितीतरी जणांना भागवंतीच आदर्श वाटलेली निघाली. खाजगी वाहिन्यांनी पुढे काय केलं? लेखकाचा तो हेतू काढून टाकला आणि भागवंती ठेवली, असं मला वाटतं.

आता एक तारीख सांगते, ती कुठल्याही मालिकेत ऐकलेली मला आठवत नाही. २२ जून १९९४. त्या दिवसापासून महाराष्ट्रात हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राने हा हक्क २००५ साली देशभर दिला, आणि लग्नाची ती अट ठेवली नाही. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही मिटवली. मुलीचा हक्क जन्माने आहे आणि २००५ साली वडील हयात असायला हवेत, ही अट नाही. आता याशेजारी दुसऱ्या तारखा ठेवा. अल्फा मराठी १९९९ साली सुरू झाली, ई टीव्ही मराठी २००० साली. म्हणजे रोज रात्री घराण्याची इस्टेट, वारस आणि वाटण्या दाखवणाऱ्या या वाहिन्या जन्मल्या तेव्हा राज्यात मुलगी आधीच वारस होती. वाहिन्यांच्या कानावर ती बातमी अजून गेलेली दिसत नाही.

सुरुवात चांगली झाली होती. 'आभाळमाया'तली सुधा जोशी प्राध्यापक होती, नवऱ्याच्या दुसऱ्या नात्याला डोळे उघडे ठेवून सामोरी जाणारी. 'वादळवाट'मधली रमा चौधरी वकील. (मी रमाला पाहून वकील झाले नाही, मी आधीच काळा कोट घालत होते. पण तिच्यामुळे आमच्या गल्लीतल्या बायका मला कामाचं विचारायला लागल्या, हे कबूल करते.) दुसरीकडे 'चार दिवस सासूचे' आली आणि ते चार दिवस तीन हजारांहून जास्त भाग चालले. बाई घरात आली ती तिथेच राहिली. पन्नास माणसं हाताखाली असलेली कंपनीची मालकीणही निर्णय घेते जिन्याच्या पायरीवर, सासूबाईंच्या साक्षीने.

याचं एक कारण तत्त्वज्ञानात नाही, खर्चात आहे. दूरदर्शनची मालिका बहुतेकदा आठवड्यातून एकदा लागायची, बऱ्याचदा तेरा भागांत आटपायची. ती बाजारात, कचेरीत, रस्त्यावर जाऊ शकत होती. रोजच्या मालिकेला रोज वीस-बावीस मिनिटं लागतात. एक दिवाणखाना, एक जिना, एक देवघर, एक स्वयंपाकघर असा सेट उभा केला की त्याचे पैसे वसूल व्हायला हवेत. मग भांडणही तिथेच, लग्नही तिथेच, मारेकरीही तिथेच. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि गोष्ट वळते. घराबाहेर न जाता वर्षानुवर्षं पेटतं राहील असं सरपण कुठलं? इस्टेट. इस्टेट आली की तिच्यावर डोळा ठेवणारं कुणीतरी हवं, आणि ती नाकारणारंही कुणीतरी हवं. पहिलीला मोठी टिकली आणि वर गेलेली भुवई, दुसरीला तुळशीवृंदावन. इस्टेटीवर पुरुषाचाही डोळा असतो, पण तो वारस असतो. त्याच्या हव्यासाला घराण्याची काळजी म्हणतात. नणंद माहेरी येऊन वाटा विचारते तेव्हा कॅमेरा तिच्या तोंडावर तीनदा आदळतो.

आणि कायदा? एका कोऱ्या कागदावर झोपेत घेतलेली सही आणि अख्खा बंगला दुसऱ्याच्या नावावर! बायांनो, शंभर रुपयांवरची कुठलीही स्थावर मिळकत अशी जात नाही. दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांक लागतो, ओळखीचे दोन जण लागतात, फोटो आणि अंगठा लागतो. दस्त नोंदवायचा नियम १९०८ सालचा आहे. मालिका बघून घाबरलेल्या किती जणींना मी हे समजावून सांगितलंय. "मेलं, मला वाटलं सही घेतली की गेलं!" जी फसवणूक सहसा होत नाही तिची भीती घरोघर पोचली. जी सही हसतखेळत, सगळ्यांच्या देखत, जेवणाआधी होते तिच्याबद्दल अवाक्षर नाही.

मध्यंतरी मालिका आमच्या जिल्ह्यातच राहायला आल्या. २०१७ साली 'लागिरं झालं जी' सुरू झाली आणि साताऱ्याची माती, बोली, ऊस, वाडे पडद्यावर दिसू लागले. आमची भाषा टिंगलीशिवाय ऐकू आली याचा आनंद मलाही झाला. फौजी होऊ पाहणारा अज्या आणि त्याची शीतली. आमच्याकडे अपशिंगे हे गाव मिलिटरी याच आडनावाने ओळखतात, तेव्हा गोष्ट अस्सलच. पण फौजीच्या घरी नवरा वर्षातून दोनदा सुट्टीवर येतो, त्या मधल्या दहा महिन्यांत शेत कोण बघतं? सोसायटीचं कर्ज, कारखान्याची तोडीची चिठ्ठी, विहिरीच्या पाण्याची पाळी कोण सांभाळतं? त्याची बायको. सातबारावर तिचं नाव नसतं, एवढंच. यावर रोज एक याप्रमाणे पाचशे भाग सहज निघाले असते. त्याच वर्षी, २०१७च्या सप्टेंबरात, साताऱ्याचे शहीद कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक प्रशिक्षण पुरं करून सैन्यात लेफ्टनंट झाल्या. दोन लहान मुलांची आई. वास्तव मालिकेच्या किती पुढे चाललं होतं ते बघा. दोन वर्षांनी 'मिसेस मुख्यमंत्री'ने साताऱ्याच्या मातीतल्या सुमीला थेट मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीत बसवलं. राज्याला तोवर एकही बाई मुख्यमंत्री मिळालेली नव्हती. मुख्यमंत्रिपद पडद्यावर द्यायला सोपं असतं, कारण ते कुणाच्या भावाच्या वाट्यातून जात नाही. वीस गुंठे द्यायचे म्हटले की अडतं.

आमच्या जिल्ह्याने एक शब्द अख्ख्या देशाला माहीत करून दिला, आणि तो अभिमानाचा नाही. नकुशी. पाठोपाठ मुली झाल्या की धाकटीचं नाव नकुशी ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो. २०११ सालच्या ऑक्टोबरात साताऱ्यात २८५ नकुशींना समारंभाने नवी नावं दिली. मुलींनी आपापली नावं निवडली, प्रमाणपत्रं मिळाली, टाळ्या झाल्या. चांगलंच झालं. पण नकोशी का होती ती? लोक हुंडा म्हणतात, म्हातारपणचा आधार म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या बोलण्यात पहिलं कारण वेगळंच असतं. 'जमीन बाहेर जाते.' कायद्याने मुलगी वारस, मनाने मुलगी गळती. ही गळती थांबवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तिला जन्मालाच येऊ द्यायचं नाही. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ साली ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तो हाच रस्ता. दुसरा रस्ता म्हणजे पाचशेच्या मुद्रांकावरचं हक्कसोडपत्र. पहिल्याने आपण हादरतो. दुसऱ्याला आपण बहीण-भावाचं प्रेम म्हणतो. २०१६ साली 'नकुशी' याच नावाची मालिका आली. नावापुढे 'तरीही हवीहवीशी' असं जोडलेलं, आणि गोष्ट प्रेमाची. मुलगी हवीहवीशी वाटावी याला माझी हरकत कशी असेल? पण हवीशी असणं ही कुणाची तरी मर्जी असते. सातबारावरचं नाव मर्जीवर नसतं.

सावित्रीबाई आमच्याच, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यांच्यावर आणि जोतिरावांवर 'सावित्रीजोती' ही मालिका जानेवारी २०२० मध्ये आली आणि वर्ष सरायच्या आत संपली. सासू-सुनेला अकरा वर्षं देणाऱ्या प्रेक्षकाने तिला बारा महिनेही दिले नाहीत. यात वाहिनीपेक्षा आपलाच दोष जास्त, हे मला मान्य करावं लागेल.

दुसरी बाजूही आहे आणि ती कमकुवत नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथल्या गावांत केबल आल्यावर काय झालं ते पाहिलं. त्यांचा २००९ सालचा निष्कर्ष असा, की नवऱ्याने मारलं तर चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, बायका घराबाहेर पडण्याबाबत, खर्चाबाबत जास्त बोलू लागल्या. त्या वेळी केबलवर काय चालू होतं? सासू-सुनाच की! म्हणजे ज्या मालिकांना मी नावं ठेवते त्यांनीही काही भलं केलं. मला यात नवल वाटत नाही. खेड्यातल्या बाईने पडद्यावर दुसरी बाई गाडी चालवताना, फोनवर बोलताना, नवऱ्याला उलट उत्तर देताना पाहिली, तर गोष्ट कशीही असो, ते चित्र मनात राहतं. 'होम मिनिस्टर'मध्ये २००४ पासून भावोजी घरोघर गेले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा कितीतरी जणींना कुणीतरी नाव विचारलं, उखाणा ऐकला, हसू दिलं. ते मी हलकं लेखत नाही. बक्षिसाला साडीच का, हा प्रश्न मात्र माझ्या मनात दर वेळी आला. साडी देऊन पाठवणी करायची रीत मी कचेरीत रोज बघते म्हणून असेल.

आणि 'अग्गंबाई सासूबाई'त सुनेने विधवा सासूचं लग्न लावलं तेव्हा आमच्या सोसायटीतल्या बायका आठ दिवस तेच बोलत होत्या. हे बळ मालिकेत आहे म्हणून तर तक्रार करते. ज्या माध्यमाने साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईचं लग्न महाराष्ट्राच्या गळी उतरवलं, त्याला बहिणीचा वाटा उतरवता येणार नाही?

"मालिका म्हणजे करमणूक, कायद्याचा तास नव्हे," असं माझा एक वकीलमित्र म्हणतो. मला तासही नकोय. एका भांडणाची बाजू बदलून हवीय. परवडत नाही म्हणावं तर तेही खरं नाही. हिस्स्याची मागणी त्याच दिवाणखान्यात, त्याच जिन्यावर होऊ शकते. सेट बदलायलाच नको.

गोष्टी शोधायला लांब जायला नको. १९८०च्या दशकात सांगली जिल्ह्यात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला. कासेगावच्या इंदूताई पाटणकर त्यात होत्या, ज्यांनी तरुणपणी पत्री सरकारच्या लढ्यात भाग घेतला होता. नवऱ्याने टाकलेल्या, भावाच्या ओसरीवर दिवस काढणाऱ्या बायका. त्यांनी काय मागितलं? आपल्या नावावर रेशनकार्ड, घराला जागा, कसायला जमीन. सहानुभूती नाही मागितली. टीव्हीवर टाकलेली बाई म्हणजे 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका. ती रडून झाल्यावर मसाल्यांचा धंदा शून्यातून उभा करते आणि सगळ्यांना पुरून उरते. मला ती आवडायची. पण शून्यातून का? इतक्या वर्षांचा संसार शून्य कसा धरायचा? धंदा उभा करण्याची जिद्द दाखवायला आपण तयार आहोत, कारण त्यात दुसऱ्या कुणाला काही द्यावं लागत नाही.

"हिस्सा मागितला की माहेर तुटतं," हे वाक्य मी बाकड्यावर सर्वांत जास्त ऐकते, आणि ते खोटं आहे असं मी त्यांना सांगत नाही. तुटतं कधीकधी. पण कायमचं तुटतं हे मालिकेने पढवलेलं आहे, असं मी म्हणते, कारण माझ्या घरात ते तुटताना आणि सांधताना मी पाहिलंय.

आजोबांनी स्वतः घेतलेली दोन एकर बागायत होती. आजी आधीच गेलेली. १९९६ साली आजोबा वारले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याने ओसरीवर बसून सरळ सांगितलं, "दादा, एक एकर माझं." घरात कुणी श्वास घेईना. आत्या मागणारी नव्हती. ओवी म्हणणारी, पापड लाटणारी, जाताना सगळ्यांच्या पाया पडणारी. वडिलांच्या चुलतभावांनी बोल लावले. आई आतल्या खोलीत म्हणाली, "हिच्या लग्नात काय कमी केलं होतं?" वडील आत्याशी दोन वर्षं बोलले नाहीत. दोन्ही भाऊबिजा कोरड्या गेल्या. तिसऱ्या वर्षी मोजणी झाली, बांध पडला, सातबारावर तिचं नाव आलं. त्या दिवाळीत ती ताम्हन घेऊन दारात उभी राहिली तेव्हा वडील पाटावर बसले. बोलले मात्र जेवण झाल्यावर, आणि तेही विहिरीबद्दल.

विहीर दोघांच्यात सामाईक राहिली होती. आत्याच्या पाण्याची पाळी मंगळवारी रात्री यायची. तिचं गाव चौदा किलोमीटर लांब आणि लाइट यायची अकरानंतर. वडील बॅटरी घेऊन जायचे, तिची मोटार चालू करून, दारं धरून यायचे, आणि घरी आल्यावर पाय धुता धुता तिच्या नावाने दहा मिनिटं कुरकुर करायचे.